पत्रकबाईंची पन्नास मिनिटं

पत्रकबाईंचं खरं नाव आरोग्य केंद्राच्या हजेरीपटावर आहे, आणि तिथेच ते सुखानं पडून आहे. गावात कुणी त्या नावानं हाक मारली तर बाई वळूनसुद्धा बघणार नाहीत. त्यांच्या नवऱ्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करताना कुणी विचारलं, "काय हो, पत्रकबाई घरी आहेत का?" तर तोही बिनदिक्कत सांगतो, "आहेत, पण आत जपून जा, आज महिनाअखेर आहे."

महिनाअखेर म्हणजे पत्रक काढायचे दिवस. त्या दोन दिवसांत बाईंच्या वाटेला जाण्याची कुणाची छाती नव्हती.

तशी त्यांची नोकरी नोंदणीच्या खिडकीवरची. साडेआठला खिडकी उघडायची, आलेल्याला चिठ्ठी करून द्यायची, ओरडणाऱ्याला गप्प करायचं, रडणाऱ्याला बाकावर बसवायचं. एकवीस वर्षांपूर्वी तेव्हाचे डॉक्टर सहज म्हणाले, "बाई, दाताचे डॉक्टर कधी येणार ते एका कागदावर लिहून दाराला चिकटवा ना, लोक विचारून विचारून डोकं खातात." बाईंनी लिहिलं. पण नुसतं लिहून थांबतील तर त्या बाई कसल्या! त्यांनी लिहिलं, 'दाताचे डॉक्टर गुरुवारी येतील. मागच्या वेळी दोघंच आले आणि शुक्रवारी अर्धं गाव गाल धरून दारात उभं होतं. यंदा तसं केलंत तर मी खिडकी उघडणार नाही.' लोक हसले, आणि गुरुवारी ही लांबलचक रांग लागली.

तिथून ते पत्रक सुरू झालं. आधी एक पान, मग पाठपोट. डोळ्यांची तपासणी कधी, लहान मुलांची लस कधी, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला घरी जाणारी सेविका रजेवर असेल तर तिच्या जागी कोण येणार, चाकाची खुर्ची कुणाकडे रिकामी पडली आहे, कुठल्या औषधाची तारीख उलटली आहे. सगळं साध्या भाषेत, आणि अधूनमधून कानउघाडणी. 'कुबड्या परत करा. पाय बरा झाला हे गावाला दिसतंय, तुम्हाला नाचताना पाहिलंय.' तीनशे प्रती निघायच्या आणि घरोघर जायच्या. किती घरांत ते पत्रक स्वयंपाकघराच्या दाराला महिनाभर लटकलेलं असे. त्यात लिहिलंय म्हटलं की विषय संपला.

आता पत्रकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग सांगतो, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. गावासमोर, खाडीच्या पलीकडे एक वस्ती आहे, साठ-सत्तर घरांची. दोन्हींच्या मधे दगडी वाट आहे. ओहोटीला ती उघडी पडते, भरतीला पाण्याखाली जाते. वस्तीतली माणसं दवाखान्यात यायची तर त्याच वाटेनं, आणि परत जायची तर पाणी चढायच्या आत. म्हणून पत्रकाच्या शेवटी प्रत्येक दिवसासमोर एक वेळ छापलेली असे, 'वाट इतक्या वाजेपर्यंत चालू'. ती वेळ बाई बंदर कचेरीतून आणत. कचेरीत वेळ मिळायची ती बंदराच्या तोंडाची. पाणी तिथून वळसा घालून खाडीत शिरेपर्यंत बरोबर पन्नास मिनिटं जातात, म्हणून बाई प्रत्येक आकड्यात पन्नास मिनिटं मिळवत आणि मग छापायला देत. एकवीस वर्षं हेच. हात इतका बसला होता की एकीकडे कुणाशी तरी भांडत दुसरीकडे त्या तीस आकडे लिहून मोकळ्या होत.

गंमत म्हणजे बाईंना समुद्रातलं ओ की ठो कळत नाही. माहेर डोंगराकडचं. लग्न होऊन आल्या तेव्हा पाणी बघूनच त्यांना घेरी यायची, आणि अठ्ठावीस वर्षांत घोट्याच्या वर पाय भिजू दिला नाही. इथले लोक उंबऱ्यात उभं राहून नुसत्या वासावरून सांगतील की पाणी फिरलं. बाईंची भरती-ओहोटी कागदावरची.

आणि त्यांच्या नणंदेची डोळ्यांतली. निदान एके काळी. नणंद म्हणजे वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण, वय अडुसष्ट, पलीकडच्या वस्तीत एकटी राहणारी. बाई खिडकीतून "या वन्सं, बसा वन्सं" करत, ते ऐकून ऐकून सिस्टर, डॉक्टरीणबाई, झाडूवाला, सगळा दवाखाना त्यांना वन्संच म्हणायला लागला. वन्संना साखरेचा आजार जुना. त्यानं आधी डोळे नेले, म्हणजे चार हातांपलीकडचं सगळं धुरकट. मग तळव्यांची जाणीव नेली. खिळा रुतला तरी कळायचं नाही. तसाच एक रुतला आणि उजव्या पायाला जखम झाली, ती चार महिने भरेना. दर बुधवारी ड्रेसिंगला यायच्या, काठी टेकत, वाटेच्या कडेचे खांब मोजत.

जिभेला मात्र कुठलाच आजार नव्हता. "तुझं ते पत्रक," त्या बाईंना म्हणायच्या, "वाचून दाखवते शेजारीण मला. फार आगाऊ लिहितेस हो. पण खरं लिहितेस." हे एवढं कौतुक ऐकायला बाईंनी लग्नानंतर वीस वर्षं वाट पाहिली होती.

त्या बुधवारी नवं पत्रक घरोघर पोचून एक दिवस झाला होता. महिन्यातला पहिलाच बुधवार. वन्संचं ड्रेसिंग पावणेदहाला आटोपलं. वस्तीतले आणखी तिघं आले होते, ते तरणेताठे, लगेच निघून गेले. वन्संही उठल्या.

"बसा हो वन्सं," बाई म्हणाल्या. "चहा घेऊन जा. आज अकरा चाळीसपर्यंत वाट चालू आहे. कसली घाई?"

"नक्की ना गं?"

"माझ्या हातानं लिहिलंय."

मग काय, चहा झाला, दोघींनी मिळून नवऱ्याची यथेच्छ निंदा केली, त्यात वन्संचा तो धाकटा भाऊ, त्यामुळे त्यांच्याकडे पुरावे जास्त. दहा वीसला वन्सं काठी घेऊन निघाल्या. बाईंनी खिडकीतून हात केला आणि पुढची चिठ्ठी फाडली.

पावणेअकराला फोन वाजला. बंदर कचेरीतला नवा कारकून. जुना निवृत्त झाला होता, हा पोरगेला माणूस त्याच्या जागी आलेला. भारी गोड बोलायचा.

"बाई, पत्रक बघितलं, झकास झालंय. ह्या वेळी तुमचं काम हलकं केलं की नाही?"

"कसलं काम?"

"ते पन्नास मिनिटांचं हो! आधीचे साहेब जाताना सांगून गेले होते, बाईंना दर महिन्याला मिळवत बसावं लागतं. म्हटलं मीच मिळवून देतो. खाली तसं लिहिलंय की."

बाईंनी खण ओढला, कचेरीचा कागद काढला. खालची कड दुमडलेली होती, त्यांनीच दुमडली होती, लिहायच्या फळीवर नीट बसावा म्हणून. कड उलगडली. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'खाडीच्या वाटेची वेळ, पन्नास मिनिटं धरून'. आणि आजच्या तारखेसमोर आकडा होता दहा पन्नास.

पन्नास मिनिटं त्यानं मिळवली होती. मग पुन्हा बाईंनी मिळवली होती.

भिंतीवरच्या घड्याळात दहा सेहेचाळीस. वन्संना वाट पार करायला चाळीस मिनिटं लागतात. वाटेचा सखल भाग पलीकडच्या टोकाच्या अलीकडे, पहिलं पाणी तिथंच चढतं, आणि बरोबर त्याच वेळी वन्सं तिथे पोचणार. बाईंच्या डोक्यात हा हिशोब एका क्षणात झाला. आयुष्यात कुठलाच हिशोब इतका झटपट झाला नव्हता.

त्यांनी वन्संना फोन लावला. बंद. वन्सं फोन कायम बंद ठेवायच्या, बॅटरी वाचवायला. अडीअडचणीला हवी म्हणून. "अहो, अडचण आल्यावर चालू करणार का?" असं बाईंनी हजारदा विचारलं होतं. आता त्या फोनमधली बाई शांतपणे सांगत होती की नंतर प्रयत्न करा, आणि पत्रकबाई त्या निर्जीव आवाजावर ओरडल्या, "नंतर कधी? नंतर कधी गं?"

बाकावरची माणसं बघायला लागली. सिस्टर बाहेर आली. "काय झालं बाई?"

"वन्सं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. "वस्तीतल्या दुकानात फोन लावा. कुणाला तरी वाटेवर धाडा. पाणी आलंय. माझं चुकलंय." आणि त्या चपला तिथेच टाकून पळत सुटल्या.

त्रेपन्नाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, धक्क्यापर्यंतचा तो उतार बाई कशा धावल्या ते त्यांनाही आठवत नाही. एकच आठवतं. वाटेत प्रत्येक घराच्या दाराला त्यांचं पत्रक लटकलेलं त्यांना दिसत होतं. म्हणजे दिसत नव्हतं, दारं बंद होती, पण ठाऊक होतं. तीनशे घरांत, तीस दिवसांच्या तीस चुका, त्यांच्या हातच्या. आज वन्सं, उद्या पोटुशी बाई, परवा लेकराला कडेवर घेतलेला कुणी बाप. एक घाणेरडा विचारही येऊन गेला, तोही लपवत नाही. वाटलं, तो कारकून नवा आहे, त्याच्या गळ्यात घालता येईल. लगेच दुसरा आला, वन्संना चहाला कुणी बसवलं? तो कारकून होता का तिथे?

धक्क्यावर लांब्या होता. उंचीवरून पडलेलं नाव, सहा फुटांच्याही वर थोडा. जाळं सोडवत बसलेला. बाईंना अनवाणी बघून उठलाच.

"वाटेवर वन्सं आहेत," बाई म्हणाल्या. "होडी काढ."

"आत्ता? अहो, पाणी चढलं की." त्यानं खाडीकडे एकदा बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. "एवढ्या उशिरा कशा निघाल्या त्या? त्यांना माहीत नाही का?"

बाई दोर सोडायला लागल्या. होडी सुटली आणि बाई तिच्यात चढल्या. लांब्या म्हणाला, "तुम्ही नका येऊ, तुम्हाला पाणी सोसत नाही." त्यांनी नुसती मान हलवली आणि दोन्ही हातांनी फळी धरली. पाण्याकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं, कारण पाण्यात काहीतरी तरंगत असेल, काठी, पिशवी, किंवा... तो 'किंवा' त्या पुढे जाऊच देत नव्हत्या. आणि तो पुढे जात होता.

वाट दिसेनाशी झाली होती. नुसते खांब वर आलेले, आणि त्यांच्या मधून पाणी सावकाश, कसलाही आवाज न करता सरकत होतं. बाईंना वाटलं होतं लाटा असतील, काहीतरी गर्जना असेल. ही शांतता जास्त भयंकर होती. त्या खांब मोजायला लागल्या आणि दर खांबाला त्यांना वाटे, ह्याच्याजवळ नाहीत. ह्याच्याही नाहीत.

"तिकडे!" लांब्या ओरडला.

वन्सं शेवटून सातव्या खांबाला मिठी मारून उभ्या होत्या. पाणी कमरेच्या वर. काठी गेलेली. तळव्यांना काही कळत नव्हतं, त्यामुळे पाणी पायाशी आलं ते त्यांना समजलंच नाही. गुडघ्याला गार लागलं तेव्हा कळलं, आणि तोवर पुढेही पाणी, मागेही पाणी, आणि डोळ्यांना सगळंच धुरकट.

होडी जवळ नेऊन लांब्यानं हात पुढे केला. "चला वन्सं, हात द्या."

वन्संनी खांब सोडला नाही. "कोण तू?"

"लांब्या. द्या हात लवकर."

"मी नाही येणार." दात वाजत होते, तरी आवाज चढलेला. "हे पाणी आत्ता ओसरेल. कुठल्या तरी मोठ्या बोटीनं ढकललं असेल. वाट अकरा चाळीसपर्यंत आहे."

"अहो, काय बोलताय! पाणी चढतंय!"

"माझ्या भावजयीनं लिहिलंय. तू मला शिकवू नकोस. होडीत चढताना पाय घसरला तर जखम चिघळेल, सिस्टरनं सांगितलंय. मी इथे थांबते."

लांब्यानं बाईंकडे बघितलं. पाणी वन्संच्या छातीशी आलं होतं. एकवीस वर्षं गावाला दरडावणाऱ्या त्या बाईला एक शब्द फुटेना.

"वन्सं," शेवटी त्या म्हणाल्या.

वन्संची मान वळली. धुरकट डोळे आवाजाच्या रोखानं शोधू लागले आणि चेहऱ्यावर इतकं हायसं वाटलेलं दिसलं की बाईंच्या काळजाचं पाणी झालं. "अगं, तू आलीस? बरं झालं. तूच सांग ह्याला. अकरा चाळीस ना?"

"नाही वन्सं. दहा पन्नास. माझं चुकलं. मी दोनदा मिळवलं. हे खरं पाणी आहे. हात द्या, मी पाया पडते तुमच्या, हात द्या."

वन्संनी खांब सोडला.

पुढचं लांब्यानं निभावलं. एका हातानं होडी सावरत त्यानं त्यांना काखेत धरून वर ओढलं, आणि बाईंनी दोन्ही हातांनी त्यांचा स्वेटर असा पकडला की नंतर किनाऱ्यावर बोटं सोडवावी लागली. वस्तीतल्या दुकानाचा फोन त्या वेळी कुणी उचललाच नव्हता, हे मागाहून कळलं.

त्याच दुपारी बाईंनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, दुमडलेल्या कडेसकट. कारकुनाचं नाव काढलं नाही. संध्याकाळपर्यंत तीनशे घरांतून पत्रक परत गोळा झालं, लांब्यापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे फिरले. दर दाराशी बाई स्वतः सांगत होत्या, "वेळा चुकल्या आहेत, माझ्याकडून." लोक म्हणायचे, "असू दे हो बाई, चालायचंच." ते 'चालायचंच' ऐकलं की त्या घाईनं पुढच्या दाराकडे वळायच्या.

वन्सं तालुक्याच्या मोठ्या इस्पितळात. थंडी उतरली, पण जखमेत खारं, गढूळ पाणी गेलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप चढला. पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला. तिथले डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू, नाहीतर पाऊल काढावं लागेल. ते दोन दिवस बाईंचा जीव टांगणीला. नवरा समजूत घालायचा, "अगं, आक्का वाचली हे काय कमी आहे?" बाई नुसत्या त्या पायाकडे बघत बसायच्या. लाली किती वर चढली त्याची तिथल्या सिस्टरनं शाईनं रेघ ओढली होती. बाई दर तासाला चादर उचलून बघायच्या. रेघेच्या वर की खाली. आणि बघून झालं की लगेच वाटायचं, आपण नीट बघितलं ना? की पुन्हा काहीतरी चुकलो?

पाचव्या दिवशी लाली रेघेच्या खाली आली. त्यांनी तीनदा बघितलं, मग सिस्टरला बोलावून बघायला लावलं, मग नवऱ्याला. ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, पाऊल राहील.

सहाव्या दिवशी सकाळी वन्सं उशीला टेकून बसल्या. बाईंनी खुर्ची जवळ ओढली. किती दिवस जे गिळून ठेवलं होतं ते बोलून टाकायचं ठरवून आल्या होत्या.

"वन्सं, मला शिव्या घाला."

"कशाला?"

"तुम्ही निघत होतात. मी बसवलं. तुम्ही विचारलंत नक्की ना, आणि मी कागद न बघता हो म्हटलं. तुम्ही मेला असतात."

"असते," वन्सं म्हणाल्या. "भीती वाटली गं मला. फार वाटली. खांबाला धरून रडले मी. लांब्याला सांगू नकोस." त्यांनी चाचपडत बाईंचा हात शोधला आणि धरून ठेवला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचं खोकणं चाललं होतं.

मग वन्सं म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी घरी सोडणार म्हणतात. म्हणजे बुधवारी पुन्हा ड्रेसिंगला यावं लागणार. किती वाजता निघू? वाट कितीपर्यंत आहे बुधवारी?"

बाईंच्या पिशवीत कचेरीचा नवा कागद होता. बुधवारची वेळ त्यांना तोंडपाठ होती. काल संध्याकाळी गावी परतून त्यांनी तीच तपासली होती, दोनदा बंदर कचेरीत जाऊन, एकदा लांब्याला विचारून. वन्सं उत्तराची वाट बघत होत्या, तोंड त्यांच्याकडे करून, पूर्ण विश्वासानं. बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना ती वेळ सांगता येईना.